जत्रा, बाजार आणि बलुत्याचा हिशेब

मुळशी तालुक्यातले नेरे हे गाव हिंजवडीच्या आयटी पार्कच्या पाठीशी आहे. जवळच मारुंजी आणि जांबे, पुढे कासारसाईचे धरण. जिथे भातखाचरे होती तिथे गेल्या काही वर्षांत गृहसंकुले उभी राहिली. या पट्ट्यात आता दोन प्रकारच्या जत्रा भरतात. एक ग्रामदैवताची, उन्हाळ्याच्या तोंडावर. दुसरी नाताळ ते संक्रांत या दिवसांत, संकुलाच्या मोकळ्या जागेत किंवा एखाद्या लॉन्सवर. तिच्या कमानीवर ‘गावाकडची जत्रा’, ‘लोककला व हस्तकला महोत्सव’ असे काहीतरी लिहिलेले असते. आत शेणाने सारवल्यासारखा दिसणारा ओटा, चुलीवरची भाकरी, फिरते चाक, बुरडाच्या टोपल्या, दुपारनंतर वासुदेव आणि संध्याकाळी लावणी.

पहिल्या जत्रेबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरीची वर्तमानपत्रात बातमी येते, छायाचित्रे येतात. परीक्षण मात्र येत नाही. नाटकाचे परीक्षण होते, चित्रप्रदर्शनाचे होते. मग ज्या ठिकाणी हजारो माणसे ‘आपली संस्कृती’ पाहायला म्हणून तिकीट काढून जातात, त्या मांडणीचे का होऊ नये? गेली काही वर्षे मी अशा जत्रांतून हिंडतो आहे. पुण्यातली भीमथडी जत्रा, मुंबईतले महालक्ष्मी सरस ही मोठी प्रदर्शने आणि हिंजवडी-नेरे भागातल्या लहान जत्रा यांत आकाराचा फरक असला तरी मांडणीचे व्याकरण बरेचसे एकच आहे. त्या व्याकरणाची तपासणी करणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दोन जत्रा, दोन अर्थव्यवस्था

मावळ-मुळशीतल्या गावजत्रेची सुरुवात वर्गणीने होते. घरटी किती हे ठरते, यात्रा कमिटी बसते, तमाशाच्या फडाला सुपारी दिली जाते. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या माणसे नारायणगावच्या राहुट्यांवर जात आली आहेत. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या तारखा ठरतात. जत्रेदिवशी पालखी निघते, छबिना होतो, रात्री तमाशा रंगतो, दुसऱ्या दिवशी सकाळी फडाची हजेरी होते आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरतो. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरू झालेला आखाडा शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत चढत जातो. माहेरवाशिणी येतात, मुंबईकर येतात. पालखीपुढे कोणी वाजवायचे, पहिला नारळ कोणाचा, खांदा कोणी द्यायचा, हे मान ठरलेले असतात आणि त्यावरून भांडणेही होतात.

या जत्रेत संबळ वाजतो तो देव बाहेर पडतो म्हणून. कला इथे एखाद्या कामाला जोडलेली असते आणि ते काम करवून घेणारे गाव तिचा खर्च उचलते. तिला आदर्श मानायचे मात्र कारण नाही. मानाच्या यादीत कोण आहे आणि कोण नाही यात जात उघडी दिसते. तमाशातल्या स्त्रियांच्या वाट्याला टाळ्यांबरोबर काय काय येते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. अलीकडे वर्गणीपेक्षा जमीन विकून आलेल्या पैशाचा आणि फ्लेक्सवरच्या चेहऱ्यांचा जोर वाढला आहे. बैलगाडा शर्यतीवर 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली, डिसेंबर 2021 मध्ये त्या अटींसह पुन्हा सुरू झाल्या आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या सगळ्या वादांत गाव हिरिरीने उतरले, कारण जत्रा त्याची स्वतःची आहे.

संकुलातल्या जत्रेचा यजमान वेगळा असतो: एखादी संस्था, बांधकाम व्यावसायिक किंवा रहिवाशांची समिती. तिथे कला कोणत्याच कामाला जोडलेली नसते; ती पाहण्यासाठीच मांडलेली असते. दालनाचे भाडे, तिकीट, प्रायोजक आणि विक्री यांवर तिचा हिशेब उभा राहतो. यात वाईट काही नाही. बाजार आणि जत्रा यांचे नाते जुनेच आहे. फक्त बाजाराला जत्रेचे नाव दिले की आपण त्याच्याकडे भाबडेपणाने पाहू लागतो, आणि बाजाराला जे प्रश्न सहज विचारले असते ते विचारायचे राहून जातात.

बारा बलुतेदारांचा कोपरा

अशा जत्रांमध्ये ‘बारा बलुतेदार’ हा कोपरा आता जवळजवळ ठरलेला आहे. कुठे जिवंत कारागीर बसवतात, कुठे पुतळे. पुतळ्यांची कल्पना कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरच्या ग्रामजीवन संग्रहालयामुळे घरोघरी पोचली. मांडणीचा सूर एकच असतो: पूर्वी गाव स्वयंपूर्ण होते, प्रत्येकाचे काम ठरलेले होते, सगळे एकमेकांवर अवलंबून आणि म्हणून गुण्यागोविंदाने राहत होते.

या कोपऱ्यासाठी लागणारी माहिती बहुतेक वेळा त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथातून, थेट किंवा फिरून फिरून, आलेली असते. गंमत अशी की आत्र्यांनी हा गाडा गौरवासाठी रंगवलेला नाही. बलुत्याची पद्धत कुणब्याला कशी भारी पडते, काम करणाऱ्याला कसे आळशी किंवा लाचार करते, काळ बदलल्यावर ती कशी निरुपयोगी झाली आहे, याची त्यांनी कठोर झडती घेतली आहे. त्यांच्या काही मतांशी, विशेषतः भटक्या जातींबद्दलच्या त्यांच्या कडवटपणाशी, आज आपण सहमत होणार नाही. पण त्यांनी हिशेब मांडला होता. जत्रेने त्यांची यादी घेतली आणि हिशेब सोडून दिला.

तो हिशेब थोडक्यात असा. बलुतेदाराला त्याच्या कामाचा भाव सांगता येत नसे. सुताराने वर्षभर औते भरायची, चांभाराने मोट शिवायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य मागायचे. किती मिळेल हे रिवाजाने, पिकाने आणि देणाऱ्याच्या मर्जीने ठरणार. महारांच्या वाट्याला तर सरकारी निरोप पोचवण्यापासून मेलेली गुरे ओढण्यापर्यंतची कामे होती. वतन म्हणून मिळालेल्या तुटपुंज्या जमिनीने त्यांना गावाला कायमचे बांधून टाकले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले ते या बंधनातून सुटका व्हावी म्हणून. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडावे लागले. दया पवारांनी 1978 मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले, तेव्हा त्या शब्दातला अपमान मराठी साहित्यात कायमचा नोंदला गेला.

आता जत्रेतल्या कोपऱ्याकडे पुन्हा पाहावे. बारा आकडा असतो. पण बारांतले महार आणि मांग तिथे कसे दाखवतात? मी पाहिलेल्या मांडण्यांत एकतर ते गाळलेले होते, किंवा ‘गावाचे रक्षक’, ‘दोरखंड वळणारे’ अशा एका निरुपद्रवी ओळीत उरकलेले होते. मुलांना बोटाने कुंभार दाखवणाऱ्या आईबापांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना समोर जे मांडले तेच ते दाखवणार. जबाबदारी मांडणाऱ्यांची आहे. इतिहासातला अवघड भाग वगळून उरलेल्या भागाला परंपरा म्हणणे ही चूक लहान नाही, कारण ज्यांचे आजोबा त्या वगळलेल्या भागात राबले, त्यांची नातवंडेही आज याच संकुलांत राहतात आणि तिकीट काढून आत येतात.

तरीही या जत्रांची एक गोष्ट मला मोलाची वाटते, आणि तिचा उल्लेख त्यांचे आयोजकसुद्धा करीत नाहीत. टोपल्या विकायला बसलेली बाई गिऱ्हाईकाला भाव सांगते. ती खळ्यावर हात पसरून उभी नाही. तिच्या वस्तूला किंमत आहे, ती किंमत तिने ठरवली आहे आणि पटत नसेल तर ती ‘नाही’ म्हणू शकते. बलुत्यात हा ‘नाही’ नव्हता. भीमथडी किंवा सरसमध्ये बचत गटांच्या स्त्रिया चटण्या, पापड, गोधड्या, घोंगड्या घेऊन येतात, हिशेबाची वही स्वतः लिहितात, पुढच्या वर्षासाठी गिऱ्हाइकांचे फोन नंबर टिपून घेतात. हा या जत्रांचा खरा पुरोगामी गाभा आहे. दुर्दैव एवढेच, की ज्या बंधनातून सुटल्यामुळे हे शक्य झाले, त्याच बंधनाचे गोडवे शेजारच्या कोपऱ्यात गायलेले असतात.

कारागीर दाखवण्याची जुनी सवय

कारागिराला त्याच्या कामासकट प्रेक्षकांसमोर बसवणे ही पद्धत आपण गावाकडून घेतलेली नाही. ती एकोणिसाव्या शतकातल्या औद्योगिक प्रदर्शनांतून आली. लंडनमध्ये 1886 साली भरलेल्या वसाहतींच्या मोठ्या प्रदर्शनात हिंदुस्थानी कारागीर विणताना, घडवताना दाखवले होते. ते ‘परंपरागत कसबी’ म्हणून मिरवले गेले. प्रत्यक्षात त्यांतले बरेच जण आग्र्याच्या तुरुंगात ही कामे शिकलेले होते. पाहणाऱ्यांना कारखान्यांच्या युगात हरवलेला साधा, संथ, समाधानी पूर्वेचा माणूस हवा होता आणि प्रदर्शनाने तो पुरवला.

पुण्यातही त्याच सुमारास औद्योगिक वस्तुसंग्रहालयाची चळवळ सुरू झाली. आजचे घोले रस्त्यावरचे महात्मा फुले संग्रहालय हे मूळचे लॉर्ड रे यांच्या नावाचे औद्योगिक संग्रहालय. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या काळी देशी उद्योगाची चिंता होती. प्रदर्शन हे त्यांच्या दृष्टीने उद्याच्या उत्पादनाची तयारी होती. कोणती वस्तू कुठे होते, कच्चा माल काय, परदेशी मालापुढे ती का टिकत नाही, हे कळावे म्हणून ती मांडायची. आजच्या जत्रेत वस्तू मांडल्या जातात त्या कालच्या आठवणीसाठी.

याच पुण्यात मार्च 1888 मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभाला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या फाटक्या वेशात गेले. या देशातला सामान्य माणूस त्या दालनातल्या जरीच्या पोशाखांसारखा राहत नाही, हे त्यांना पाहुण्यांना सांगायचे होते. गावाचा वेश त्यांनी साक्ष म्हणून अंगावर घेतला. जत्रेच्या कमानीखाली भाड्याचे फेटे बांधून, नऊवारी नेसून छायाचित्रे काढणाऱ्यांना मी हसत नाही. सणाला नटावे, त्यात आनंद आहे. मात्र वेश साक्ष देऊ शकतो हे आपल्याच शहराने एकदा पाहिले आहे, याची आठवण ठेवायला हरकत नाही.

वेळ कापलेली कला

लोककलेच्या बाबतीत जत्रेची सर्वांत मोठी कात्री वेळेवर चालते. गोंधळ हा रात्रीचा विधी. चौक मांडतात, दिवटी पेटते, देवदेवतांना नावे घेऊन बोलावले जाते, मग आख्यान आणि शेवटी आरती. संबळ आणि तुणतुण्याची लय चढत जाते, कारण रात्र तेवढी लांब असते. संध्याकाळी सात वाजता, ‘पुढचा कार्यक्रम पाककृती स्पर्धेचा निकाल’ अशा घोषणेआधीच्या दहा मिनिटांत जे होते त्याला गोंधळातले नाच म्हणता येईल, गोंधळ म्हणता येणार नाही. पिंगळा पहाट फुटण्याआधी हातात कंदील घेऊन येतो. वासुदेव सकाळी मोरपिसांची टोपी घालून दारात उभा राहतो आणि दान घेताना देवांची नावे घेतो. दोघांनाही दुपारी चार वाजता खाद्यपदार्थांच्या रांगेतून फिरवले की उरतो तो फक्त पोशाख.

कला बदलू नये असे माझे म्हणणे नाही. तमाशा मंचावर आला, भारुड आकाशवाणीवर गेले आणि दोन्ही टिकले. पालघरमधल्या वारली स्त्रिया लग्नात घराच्या भिंतीवर जो चौक लिहीत, तो जिव्या सोमा मशे यांनी कागदावर आणला तेव्हा एक नवीन कला जन्माला आली. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेचे परशुराम गंगावणे यांनी आपल्या घराच्या गोठ्यातच संग्रहालय उभे केले, आणि 2021 मध्ये त्यांनाही तो सन्मान मिळाला. या दोन्ही ठिकाणी बदल कलावंताने स्वतः, आपल्या गरजेने आणि आपल्या गतीने केला. जत्रेत काटछाट ध्वनिक्षेपक हातात असलेला माणूस करतो. फरक तिथे आहे.

कमानीबाहेर

जत्रा संपली की वासुदेव काय करतो? त्याला मानधन मिळालेले असते, सत्कारही झालेला असतो. दुसऱ्या दिवशी तो त्याच संकुलाच्या फाटकाशी आला तर सुरक्षारक्षक त्याला आत सोडत नाही. हे केवळ संकुलाच्या नियमांमुळे होत नाही. मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम, 1959 यातली भिकेची व्याख्या वाचण्यासारखी आहे. सार्वजनिक ठिकाणी गाऊन, नाचून, भविष्य सांगून किंवा खेळ करून दान मागणे तिच्यात बसते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये याच कायद्यातली शिक्षेची मुख्य कलमे दिल्लीपुरती रद्द केली, पण महाराष्ट्रात अधिनियम कायम राहिला. म्हणजे कमानीच्या आत जी लोककला आहे, तीच कमानीबाहेर गुन्हा ठरू शकते.

त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ती माणसे सोलापूरकडून भिक्षेसाठी गेलेली होती. वेश, झोळी, अनोळखी चेहरा एवढा पुरावा जमावाला पुरला. जो समाज वर्षातून एकदा या वेशाला टाळ्या देतो, त्याच समाजाला रस्त्यावर त्या वेशाची भीती वाटते. ही फट बुजवण्यासाठी जत्रा काही करू शकते का, हा माझ्या मते तिच्यापुढचा सर्वांत गंभीर प्रश्न आहे. मंचावरच्या कलावंताचे नाव, गाव, समाज, त्याची मुले कुठे शिकतात, तो कोणत्या वाटेने फिरतो, हे सांगितले तर पाहणाऱ्याला वेशामागचा माणूस कळेल. मी पाहिलेल्या बहुतेक कार्यक्रमपत्रिकांत मात्र नुसते ‘वासुदेव’ छापलेले असते; लावणीच्या निवेदकाचे मात्र पूर्ण नाव असते.

सरकारी योजनाही या दोन गटांत भेद करतात. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, टोपल्या-झाडू करणारे, न्हावी, परीट वगैरे. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने आधी एक, मग दोन लाखांचे कर्ज अशी तिची रचना आहे. या 18 मध्ये गाणारा, वाजवणारा, सोंग घेणारा एकही नाही. संबळ वाजवणाऱ्यालाही संबळ लागतो आणि त्यावर चामडे चढवावे लागते.

बांबू, चामडे आणि भाताचे खाचर

कसब टिकते ते गिऱ्हाईक आणि कच्चा माल या दोन पायांवर. नेऱ्याच्या बाबतीत इरल्याचे उदाहरण घ्यावे. बांबूच्या कामट्या विणून, त्यांत पाने बसवून केलेले इरले पाठीवर घेऊन मावळातल्या बाया भातलावणीला वाकत. आधी प्लास्टिकच्या खोळीने त्याची जागा घेतली. मग भातखाचरेच गेली. खाचर नाही, लावणी नाही, तर इरले कोण घेणार? धान्याची कणगी, भात पाखडायचे सूप, रोळी, सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच. जत्रेत ही वस्तू सुंदर दिसते, शोभेची म्हणून विकलीही जाते. पण तिच्याशेजारी एक ओळ असायला हवी, की ज्या जमिनीवर ही जत्रा भरली आहे तिथेच या वस्तूचे गिऱ्हाईक राहत होते. ‘मुळशी पॅटर्न’ या 2018 च्या चित्रपटाने जमिनी विकलेल्या घरांची वाताहत दाखवली. त्या जमिनींवर अवलंबून असलेल्या, पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कारागिरांच्या हाती विक्रीचे पैसेही आले नाहीत. त्यांच्यावर अजून कोणी चित्रपट काढलेला नाही.

कच्च्या मालाचेही तसेच. खासगी जमिनीवरच्या बांबूला 2017 च्या दुरुस्तीने ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळले, त्यामुळे तोड-वाहतुकीची एक अडचण कमी झाली. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याआधीच, 2015 मध्ये, राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आल्याने तिच्या चामड्याचा पुरवठा आटला होता. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला सादर केल्यावर महाराष्ट्र खवळून उठला. ते रास्तच होते. चामडे कुठून आणायचे आणि ते कमावणाऱ्याला समाजात कुठे बसवायचे, यावर मात्र आपण एवढे खवळलेलो दिसत नाही.

परीक्षणाचे निकष

या सगळ्यावरून जत्रा बंद कराव्यात असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. त्या असाव्यात, वाढाव्यात. दिल्ली हाटमध्ये 1994 पासून कारागिरांना ठरावीक दिवसांसाठी आळीपाळीने गाळे दिले जातात. वर्षभर कोणी ना कोणी नवा माणूस तिथे विकायला बसतो. हिंजवडी-नेऱ्यासारख्या भागात, जिथे पगारदार वस्ती आणि कसबी गावे हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे अशी कायम जागा चार दिवसांच्या उत्सवापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

तोवर, पुढच्या हिवाळ्यात अशा जत्रेला जाणाऱ्या वाचकाने पाच गोष्टी पाहाव्यात. कारागिराचे आणि कलावंताचे नाव लिहिले आहे का? दालनाचे भाडे वजा जाता त्याच्या हाती दिवसाची मजुरी सुटते का? कलेला तिचा स्वतःचा वेळ दिला आहे का, निदान एखादा गोंधळ पुरा होऊ दिला आहे का? बलुतेदारांच्या कोपऱ्यात बलुत्याचा हिशेब मांडला आहे का? आणि कमान उतरल्यावर त्याच माणसांना संकुलाच्या फाटकातून आत येता येते का?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे आयोजकांनी द्यायची आहेत. पाचव्याचे उत्तर रहिवाशांच्या सर्वसाधारण सभेत एका ठरावाने देता येते, आणि त्याला प्रायोजक लागत नाही.